गिटार न येणारा गिटारवाला : लिओ फेंडर

गॅदरिंग जवळ आलं की होस्टेलवर दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक सबमिशनची धावपळ आणि दुसरी बँडची वर्गणी. वर्गणी जमली रे जमली की वाद सुरू! लीड गिटारवाल्याला डिस्टॉर्शन पाहिजे, कीबोर्डवाल्याला स्टँड पाहिजे, ड्रमरला नवीन स्टिक्स पाहिजेत. आणि बेस गिटारवाला? तो बिचारा शेवटच्या रांगेत. उरलेल्या पैशात त्याला एखादं पेडल घेऊन देऊ, असं ठरतं. कुठलं पेडल, कशासाठी, ते कुणीच विचारत नाही. मग कार्यक्रमाच्या दिवशी बेस एक तर ऐकूच येत नाही, नाही तर नुसती भणभण होते आणि साउंडवाला येऊन सगळ्यात आधी त्याचाच आवाज कमी करतो.

खरं म्हणजे खालच्या सुरांची ताकद आपल्या भागात कुणाला शिकवायला नको. आर्णीला बाबा कंबलपोषांच्या यात्रेत मोठ्या स्पीकरजवळून गेलेल्या किंवा नागपूरकडची धुमाल पार्टी जवळून ऐकलेल्या माणसाला माहीत असतं की तो आवाज कानाच्या आधी छातीत पोचतो. तोच आवाज स्टेजवर एका माणसाच्या हातात देणाऱ्या एका मुलखावेगळ्या कारागिराची ही गोष्ट. तो इंजिनिअर नव्हता, अकाउंट्स शिकलेला होता. त्याला एकच डोळा होता. आणि गंमत म्हणजे त्याला गिटार वाजवताच येत नव्हती! त्याचं नाव लिओ फेंडर. कुठलं पेडल घ्यायचं, या आपल्या प्रश्नाचं उत्तरही त्याच्या आयुष्यातच सापडतं, म्हणून हा लेखप्रपंच.

संत्र्याच्या बागेतला मुलगा

क्लॅरेन्स लिओनायडस फेंडरचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ॲनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मध्ये त्याच्या आईवडिलांची संत्र्याची बाग होती. आपल्या वरुड-मोर्शीकडच्या एखाद्या बागाइतदाराचं पोरगं म्हणा ना! आठ वर्षांचा असताना डाव्या डोळ्यात गाठ झाली, डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसला. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच कारणामुळे त्याला सैन्यात घेतलं नाही.

त्याच्या एका काकांचं सांता मारिया या गावी मोटारींच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. लिओ चौदा वर्षांचा असताना काकांनी त्याला एक खोकं पाठवलं. त्यात होते जुन्या मोटारींच्या रेडिओचे भंगारात निघालेले सुटे भाग आणि एक बॅटरी. १९२४ मध्ये लिओ काकांकडे गेला, तेव्हा त्यांनी सुट्या भागांतून बनवलेला रेडिओ दुकानात वाजत होता. स्पीकरमधून येणाऱ्या त्या दणदणीत आवाजाने पोराला जे वेड लावलं ते कायमचं. घरातल्याच एका कोपऱ्यात त्याने रेडिओ दुरुस्ती सुरू केली. म्हणजे डाग द्यायला तो कुठल्या प्रॅक्टिकलमध्ये शिकला नाही, भंगारावर शिकला.

कॉलेजात मात्र त्याने घेतलं अकाउंट्स. एका बर्फ आणि शीतगृहाच्या कंपनीत आधी माल पोचवायचं आणि मग हिशेब लिहायचं काम केलं. त्याच सुमारास एका स्थानिक बँडच्या प्रमुखाने त्याच्याकडून नाचगाण्याच्या कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकरचे सहा संच बनवून घेतले. १९३४ मध्ये एस्थर क्लॉस्कीशी लग्न झालं. राज्याच्या महामार्ग खात्यात हिशेबनिसाची नोकरी मिळाली. आता आयुष्य मार्गी लागलं असं वाटलं आणि मंदी आली! ती नोकरी गेली. मग एका टायर कंपनीत लागला, सहा महिन्यांत तीही गेली. कॅम्पसमध्ये सिलेक्ट होऊनही जॉइनिंगची वाट पाहत बसलेल्या आपल्या सीनियर्सना हे दुःख समजेल.

दोन नोकऱ्या गेल्यावर लिओने १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढलं आणि फुलर्टनला फेंडर रेडिओ सर्व्हिस नावाचं दुकान टाकलं. त्या दुकानात बँडवाले आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर आणि गिटारी घेऊन यायचे. लिओ दुरुस्त करता करता ऐकायचा. कुठला पार्ट जळतो, कुठली वायर तुटते, वादक कशावर चिडतो. रोज पंधरा तक्रारी म्हणजे रोज पंधरा प्रयोगांची रीडिंगं! त्याचं खरं शिक्षण इथे झालं. डॉक कॉफमन या मित्राबरोबर १९४५ मध्ये त्याने मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी आणि त्यांचे ॲम्प बनवायला सुरुवात केली. कॉफमनला धंद्यातल्या जोखमीची भीती वाटली आणि तो १९४६ मध्ये बाहेर पडला. लिओ थांबला नाही.

बेस गिटारचा जन्म

१९५० मध्ये त्याची सपाट, भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली, तीच पुढे टेलिकास्टर झाली. तिची मान बॉडीला चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी बसवलेली होती. खराब झाली तर स्क्रू काढा, नवीन बसवा! शोभेपेक्षा दुरुस्ती सोपी पाहिजे, हा रेडिओ मेकॅनिकचा विचार.

पण गिटारींचा आवाज वाढला तशी बँडमध्ये एका माणसाची पंचाईत झाली. तो म्हणजे डबल बेसवाला. माणसापेक्षा उंच ते वाद्य मोटारीत मावायचं नाही, आणि एवढं वाहून नेल्यावर स्टेजवर ऐकूही यायचं नाही. शिवाय त्याला पडदे नसत, त्यामुळे बोट जरा इकडेतिकडे झालं की सूर गेला. १९५१ च्या अखेरीस लिओने यावर उत्तर काढलं : गळ्यात अडकवायची, चार तारांची, पडदे असलेली भरीव बेस गिटार. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन बेस.

इथे एक प्रामाणिक नोंद करायला हवी. अशी कल्पना सुचलेला लिओ पहिला नव्हता. सिएटलच्या पॉल टुटमार्कने १९३० च्या दशकातच पडदे असलेली इलेक्ट्रिक बेस बनवली होती. पण ती फारशी चालली नाही. लिओची चालली, कारण त्याने नुसतं वाद्य बनवलं नाही, वादकाची अख्खी अडचण सोडवली. तारेची लांबी त्याने ३४ इंच ठेवली. साध्या गिटारची असते साधारण साडेपंचवीस आणि डबल बेसची चाळीसच्या वर. ३४ इंचांत तार पुरेशी ताणलेली राहते आणि डावा हातही पोचतो. आजसुद्धा बहुतेक बेस गिटारींचं माप हेच आहे!

वाद्य अर्धं, ॲम्प अर्धा

आता इंजिनिअरिंगवाल्यांनी नीट लक्ष द्या. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा. हवेत त्याची एक लाट सव्वाआठ मीटर लांब होते. एवढी लाट उठवायची तर स्पीकरला भरपूर हवा ढकलावी लागते. सूर एक सप्तक खाली उतरला की तेवढाच आवाज काढायला स्पीकरच्या कोनला चौपट हालचाल करावी लागते. म्हणूनच प्रॅक्टिसच्या छोट्या गिटार ॲम्पमध्ये बेस जोडली की कोन फडफडतो आणि कधी कधी फाटतो.

लिओला ही गोष्ट ठाऊक होती. म्हणून बेस गिटारच्या पाठोपाठ १९५२ मध्ये त्याने तिच्यासाठी खास ॲम्प आणला, बेसमन. त्यात १५ इंचांचा एक स्पीकर आणि साधारण २६ वॅटची ताकद. १९५४ मध्ये त्याने तो बदलून १० इंचांचे चार स्पीकर लावले. गंमत पाहा, हा बेससाठीचा ॲम्प गिटारवाल्यांनीच पळवला, कारण आवाज वाढवल्यावर तो छान फाटायचा. लंडनच्या जिम मार्शलने १९६२ मध्ये आपला पहिला ॲम्प बनवला तो याच बेसमनच्या सर्किटवरून. रॉकचा तो जगप्रसिद्ध मार्शल आवाज म्हणजे मुळात बेसवाल्याच्या ॲम्पचा नातू!

यातून आपण काय घ्यायचं? वर्गणीतला पहिला मोठा पैसा पेडलवर नाही, ॲम्प आणि स्पीकरवर. आणि तिथेही नुसते वॅट पाहू नका. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकरचा आकार आणि संख्या पाहा. ॲम्पला पैसे नसतील तर डीआय बॉक्स घ्या, म्हणजे बेस सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडता येते आणि मोठ्या स्पीकरचं काम त्याचे मोठे स्पीकर करतात. यात कमीपणा काही नाही. मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमरसन नावाचा अवलिया लिओची प्रिसिजन बेस वाजवायचा, तीही बहुतेक वेळा थेट मिक्सरला जोडून. पेडल वगैरे काही नाही. तारासुद्धा तो तुटल्याशिवाय सहसा बदलत नसे. जेमरसन १९८३ मध्ये गेला, पण बेस शिकणारी पोरं अजून त्याचीच गाणी घोटतात.

गुणगुण आणि अर्थिंग

सुरुवातीच्या प्रिसिजन बेसला एक दुखणं होतं, मेन्सची गुणगुण. एकाच कॉइलचा पिकअप आसपासच्या वायरिंगमधला आवाजही उचलतो. १९५७ मध्ये लिओने पिकअपचे दोन तुकडे केले, दोन तारांना एक आणि दोन तारांना एक. दोघांचे चुंबक आणि वेटोळी उलटसुलट, त्यामुळे तारेचा सिग्नल मिळतो आणि गुणगुण एकमेकांत वजा होते. साधं आणि सुंदर! १९६० मध्ये आणखी बारीक मानेची, दोन पिकअपची जाझ बेस आली.

आपल्यासाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झचा. बेसची जाड तार ४१ ची आणि तिच्या शेजारची ५५ ची. म्हणजे गुणगुण बरोबर दोघींच्या मधोमध! इक्वलायझरने ती कापायला जाल तर बेसच कापली जाईल. तेव्हा ती मुळातच येऊ देऊ नका. चांगली शील्ड असलेली केबल घ्या, पेडलला स्वच्छ ॲडॅप्टर घ्या आणि त्यावरची प्लस-मायनसची खूण पेडलशी जुळते का ते पाहा. आणि अर्थिंग! मंडपातल्या बोर्डाला अर्थ नसेल तर गुणगुण ही किरकोळ गोष्ट आहे. हातात गिटारच्या तारा आणि ओठाला माइक, यांच्यात करंट आला तर जीव जातो. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये स्टेजवर असाच गेला. टेस्टर आणि मल्टिमीटर आपल्याकडे असतोच. वाजवायच्या आधी दोन मिनिटं तपासायला काय हरकत आहे?

विकलेली कंपनी, पुन्हा सुरुवात

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून लिओला सायनसच्या जंतुसंसर्गाने पछाडलं. तब्येत इतकी ढासळली की आपण आता फार जगत नाही, असं त्याला वाटू लागलं. जानेवारी १९६५ मध्ये त्याने आपली कंपनी सीबीएसला विकली, १ कोटी ३० लाख डॉलरला. सहाशे डॉलरच्या कर्जातून हे उभं राहिलं होतं! पण कंपनी विकल्यावर एका डॉक्टरने अँटिबायोटिकच्या जबर मात्रेने तो आजार बरा केला. माणूस ठणठणीत, हातात अमाप पैसा, आणि ज्या कंपनीवर आपलं नाव ती मात्र आपली नाही. काही वर्षं तर स्पर्धेत उतरायलाही करारानं बंदी.

आपण असतो तर काय केलं असतं? बहुधा आराम! लिओ पुन्हा टेबलावर बसला. १९७५ मध्ये वयाच्या पासष्टीत तो म्युझिक मॅन कंपनीचा प्रमुख झाला आणि १९७६ मध्ये स्टिंगरे ही बेस आली. तिच्या पोटातच ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा प्रीॲम्प होता. पिकअपचा सिग्नल नाजूक असतो. लांब केबलमधून जाताना त्याची वरची धार बोथट होते. प्रीॲम्प तो आधीच सशक्त करून पाठवतो, आणि जाड-बारीक आवाजाची बटणंही वादकाच्या हाताशी येतात. ॲक्टिव्ह बेस म्हणतात ती हीच. अशी बेस असेल तर वेगळं प्रीॲम्प पेडल घेण्याआधी दहा वेळा विचार करा. आणि हो, वाजवून झालं की केबल काढून ठेवा, नाही तर ऐन कार्यक्रमात बॅटरी संपलेली सापडेल.

१९७९ मध्ये एस्थर गेली. त्याच सुमारास जुना सहकारी जॉर्ज फुलर्टनबरोबर लिओने जी अँड एल ही आणखी एक कंपनी सुरू केली. पुढे पार्किन्सनचा आजार जडला, हात थरथरू लागले, तरी अखेरच्या दिवसांपर्यंत तो कामाला जात राहिला. २१ मार्च १९९१ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी तो वारला. पुढच्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव कोरलं गेलं. गिटार न वाजवणाऱ्याचं!

मग पेडलचं काय?

लिओ स्वच्छ आवाजाचा भोक्ता होता. आवाज फाटू नये म्हणून तो धडपडला आणि वादकांनी मुद्दाम फाडून दाखवला. १९६५ मध्ये बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने एका गाण्यात बेसला फझ लावला. मेटालिकाच्या क्लिफ बर्टनने १९८३ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये फझ आणि वाह लावून बेसचा अख्खा सोलो वाजवला. तेव्हा पेडल वाईट असं नाही. फक्त कोणती तक्रार दूर करायची आहे, ते लिओसारखं आधी विचारायचं.

सूर हलतो? ट्यूनर घ्या, पहिलं पेडल हेच. काही सूर दणकतात आणि काही बुडतात? कॉम्प्रेसर. अर्थात आधी बोटांचा रियाज, मग कॉम्प्रेसर. छोट्या स्पीकरवर बेस कळतच नाही? थोडा ओव्हरड्राइव्ह मदत करतो, कारण त्याने वरचे उपसूर तयार होतात आणि कान त्यांवरून खालचा सूर ओळखतो. मात्र गिटारसाठीच्या बऱ्याच ओव्हरड्राइव्हमध्ये खालचे सूर मुद्दाम कापलेले असतात. बेससाठीचं पेडल घ्या आणि त्यात मूळ स्वच्छ आवाज मिसळायचं बटण आहे ना, ते बघा. कोरस, ऑक्टेव्ह, ऑटो-वाह ही लोणची-पापड. जेवण झाल्यावर. आपल्याला नेमकं काय आवडतं हेच कळत नसेल तर एखादं मल्टिइफेक्ट घेऊन सहा महिने सगळं चाखून बघा. आणि नागपूरला दुकानात एकट्याने वाजवून भुलू नका. खोलीत एकटं ऐकताना भारी वाटणारा आवाज ड्रम सुरू झाले की गायब होतो. शक्यतो मित्राचं पेडल मागून आणा आणि पूर्ण बँडबरोबर ऐका.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातले बेस आणि गिटारवादक. रोलँड कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाचं एक छोटं यंत्र काढलं, बेस गिटारवाल्याच्या जागी वापरायला. बेस गिटारसारखं ते मुळीच वाजेना, आणि १९८४ पर्यंत बंदही पडलं. पण चरणजित सिंगांनी ते नकली बेस म्हणून ऐकलंच नाही. त्याचा घसरत जाणारा सूर त्यांनी रागांसाठी वापरला आणि १९८२ मध्ये दहा रागांची एक रेकॉर्ड काढली. तेव्हा ती कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक थक्क झाले, कारण शिकागोच्या पोरांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच यंत्रावर जे संगीत गाजवलं, त्याच्याशी ते विलक्षण जुळणारं होतं. यंत्र तेच, फरक ऐकणाऱ्या कानाचा.

तेव्हा मित्रांनो, यंदा वर्गणी जमली की कॅटलॉग उघडायच्या आधी बेसवाल्याला मध्ये बसवा आणि त्याची तक्रार नीट ऐकून घ्या. ऐकणं हे एकच वाद्य लिओ फेंडरला उत्तम वाजवता येत होतं, आणि त्याला बॅटरीसुद्धा लागत नाही!